यॉर्कचा किताब आणि त्याचे धनी

लंडनच्या राजवाड्यातून ३० ऑक्टोबर २०२५ रोजी एक पत्रक निघाले. राजे तिसरे चार्ल्स यांनी आपले धाकटे बंधू अँड्र्यू यांचे किताब व मानसन्मान काढून घेण्याचे ठरविले असून यापुढे ते केवळ अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर या नावाने ओळखले जातील, असा त्याचा आशय होता. १९८६ सालापासून ते यॉर्कचे ड्यूक होते. आता उमरावांच्या नोंदवहीतून त्यांचे नाव उतरले. लैंगिक गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्या एका अमेरिकन धनिकाशी असलेली त्यांची मैत्री यास कारण झाली. स्वतःवरील आरोप त्यांनी नाकारले आहेत. त्या प्रकरणाची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली आहे, ती येथे पुन्हा करण्याची आम्हास इच्छा नाही. परंतु या निमित्ताने ‘यॉर्कचा ड्यूक’ हे नाव आमच्या वाचकांच्या कानावर पडले असेल, आणि या नावामागे साडेसहाशे वर्षांचा जो इतिहास उभा आहे तो कॅथलिक कुटुंबांनी जाणून घ्यावा असाच आहे. मुंबई बेट, न्यू यॉर्क शहर आणि येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती या तिन्ही गोष्टींशी या किताबाचा संबंध आला, हे कित्येकांना ठाऊक नसेल.

प्रथम ‘ड्यूक’ म्हणजे काय ते पाहू. इंग्लंडातील उमरावांच्या उतरंडीत ड्यूक ही सर्वांत वरची पायरी. आपल्याकडील जहागिरीत गावे, वसूल आणि जमीन ही असायचीच. इंग्लंडच्या राजपुत्रांना मिळणारे हे किताब मात्र पुढे पुढे नावाचेच राहिले. यॉर्कच्या ड्यूकने यॉर्क शहरावर राज्य करावे असे नव्हते. राजाने सनद द्यावी, पुत्राने ती घ्यावी, आणि त्याच्यामागे त्याच्या ज्येष्ठ पुत्राकडे ती जावी, हा नियम. पण नवल असे की पंधराव्या शतकानंतर हा किताब बापाकडून मुलाकडे एकदाही गेलेला नाही. ज्याला तो मिळाला तो एकतर राजा झाला आणि किताब राजपदात विरून गेला, नाहीतर तो औरस पुत्रावाचून वारला. प्रत्येक वेळी सनद नव्याने लिहावी लागली.

पहिला धनी एडमंड ऑफ लँगली, तिसऱ्या एडवर्ड राजाचा मुलगा. त्याचा पुतण्या दुसरा रिचर्ड याने १३८५ साली त्याला यॉर्कचा ड्यूक केले. हा माणूस शांत आणि आळशी म्हणावा इतका निरुपद्रवी होता. त्याने १३८१ साली सैन्य घेऊन पोर्तुगालवर उपकार करण्याचा एक निष्फळ प्रयत्न केला. त्याच्या पुतणीचे, फिलिपाचे, लग्न पुढे पोर्तुगालच्या पहिल्या जुआंव राजाशी झाले, आणि तिचाच पुत्र तो समुद्रपर्यटनांना उत्तेजन देणारा राजपुत्र हेन्री. गोव्याच्या किनाऱ्यावर ज्या जहाजांनी पुढे नांगर टाकले त्यांच्या इतिहासाचा एक धागा असा या घराण्यापर्यंत पोचतो.

एडमंडचा मुलगा एडवर्ड १४१५ साली फ्रान्समध्ये अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत पडला. त्यास मूलबाळ नव्हते. त्याच्या धाकट्या भावाचा त्याच वर्षी राजद्रोहाबद्दल शिरच्छेद झाला होता. म्हणून किताब गेला त्या भावाच्या चार वर्षांच्या पोराकडे, रिचर्डकडे. हा तिसरा ड्यूक फार महत्त्वाकांक्षी निघाला. सिंहासनावर असलेला सहावा हेन्री भोळा, मधूनमधून भ्रमिष्ट होणारा. १४६० च्या ऑक्टोबरात रिचर्ड भर पार्लमेंटात आला, सिंहासनाजवळ गेला आणि त्यावर त्याने हात ठेवला. लोक जयजयकार करतील अशी त्याची अपेक्षा. कोणी तोंडातून शब्द काढीना. अखेर, आपणास राजेसाहेबांची भेट घ्यावयाची आहे काय, असे महाधर्माध्यक्षांनी विचारले. तडजोड होऊन हेन्रीनंतर गादी रिचर्डला मिळावी असे ठरले. पण त्याच वर्षी ३० डिसेंबरला वेकफील्ड येथे तो मारला गेला. शत्रूंनी त्याचे मस्तक यॉर्क शहराच्याच वेशीवर लावले आणि त्यावर कागदी मुकुट चढविला. तीन महिन्यांच्या आत त्याचा अठरा वर्षांचा मुलगा चौथा एडवर्ड म्हणून राजा झाला. यॉर्क व लँकेस्टर या भाऊबंदांची ही कज्जेदलाली ‘गुलाबांची युद्धे’ म्हणून प्रसिद्ध आहे. गुलाबाचे नाव देऊन तिला कोणी गोड केले असले तरी ती होती आपल्या गावोगावच्या वतनी तंट्यांसारखीच, फक्त तलवारी अधिक.

एडवर्डने आपल्या दुसऱ्या मुलास, रिचर्डास, १४७४ साली हा किताब दिला. राजाच्या दुसऱ्या पुत्राला यॉर्कचा ड्यूक करण्याची चाल येथून पडली. या मुलाचे लग्न चार वर्षांचा असताना पाच वर्षांच्या मुलीशी लावले. मुलीची इस्टेट मोठी होती. बाप मरताच काकाने त्याला आणि त्याच्या भावाला लंडनच्या किल्ल्यात ठेवले. वर्ष होते १४८३. त्या उन्हाळ्यानंतर ती दोन मुले कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. काका तिसरा रिचर्ड म्हणून राजा झाला. १६७४ साली किल्ल्यातील एका जिन्याखाली दोन मुलांची हाडे सापडली आणि ती राजांच्या समाधिस्थानी ठेवण्यात आली. ती त्यांचीच की काय, हा वाद आजतागायत चालू आहे.

पुढे पर्किन वॉरबेक नावाचा एक तरुण ‘मीच तो वाचलेला यॉर्कचा ड्यूक’ असे म्हणत राजेरजवाड्यांच्या दारी हिंडू लागला. सातव्या हेन्रीने त्यावर नामी युक्ती काढली. १४९४ साली आपल्या तीन वर्षांच्या दुसऱ्या मुलास त्याने यॉर्कचा ड्यूक करून टाकले. खरा ड्यूक घरात असता तोतया बाहेर कसा टिकणार? वॉरबेक १४९९ साली फासावर गेला. आणि तीन वर्षांचे ते बाळ कोण? थोरला भाऊ १५०२ साली वारल्यामुळे पुढे गादीवर आलेला आठवा हेन्री. पोप दहावे लिओ यांनी १५२१ साली त्याला ‘श्रद्धेचा रक्षक’ ही पदवी दिली. त्याच हेन्रीने १५३४ साली इंग्लंडातील ख्रिस्तसभा रोमपासून तोडून स्वतःस तिचा प्रमुख म्हणवून घेतले आणि संत जॉन फिशर व संत थॉमस मोर यांची मस्तके पुढच्याच वर्षी उतरविली. ‘श्रद्धेचा रक्षक’ ही अक्षरे इंग्लंडच्या नाण्यांवर अजून संक्षेपाने छापली जातात. पदवी ठेवली, देणाऱ्याला सोडले!

त्यानंतरचा धनी पहिला चार्ल्स. हाही दुसरा मुलगा, हाही थोरल्या भावाच्या मृत्यूमुळे राजा झाला. लहानपणी तो इतका अशक्त होता की चालणे व बोलणे त्याला फार उशिरा आले. १६४९ साली त्याच्याच प्रजाजनांनी त्याचा शिरच्छेद केला. त्या वेळी त्याचा दुसरा मुलगा जेम्स, यॉर्कचा ड्यूक, पंधरा वर्षांचा होता, आणि आमच्या दृष्टीने या सर्व यादीत थांबण्यासारखा पुरुष तोच.

थोरला भाऊ दुसरा चार्ल्स १६६० साली गादीवर आला. पोर्तुगालच्या राजकन्या कॅथरीन यांच्याशी त्याचा विवाह ठरला आणि १६६१ च्या कराराने आंदणात मुंबई बेट आले. ते तेव्हा वसई प्रांताचा भाग होते. राजकन्येचे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ आले तेव्हा तिला सामोरा गेला तो तिचा दीर, आरमाराचा प्रमुख असलेला यॉर्कचा ड्यूक. इकडे गोव्याचे व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो ई कास्त्रो यांना हे आंदण मुळीच रुचले नव्हते. बेट देण्यास त्यांनी शक्य तितका विलंब लावला. १६६५ च्या फेब्रुवारीत ते इंग्रजांच्या हाती पडले, आणि १६६८ साली चार्ल्सने वर्षाकाठी अवघ्या १० पौंड खंडावर ते ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकले.

दरम्यान १६६४ साली इंग्रजी गलबतांनी अमेरिकेतील डच लोकांचे न्यू ॲम्स्टरडॅम हे ठाणे लढाईवाचून घेतले. राजाने तो मुलूख भावाला बहाल केला होता, म्हणून त्याचे नाव झाले न्यू यॉर्क. १६६६ साली लंडन शहर आगीत जळत असता हाच ड्यूक रस्त्यावर उभा राहून आग विझविणाऱ्या लोकांना हुकूम देत होता.

पण आपला धर्मबंधू म्हणून त्याचे दोष झाकू नयेत असे आम्हांस वाटते. आफ्रिकेतून माणसे पकडून आणून गुलाम म्हणून विकणाऱ्या कंपनीचा तो अध्यक्ष होता. त्या अभाग्यांपैकी कित्येकांच्या अंगावर ड्यूकच्या किताबाची आद्याक्षरे तापल्या लोखंडाने उमटविली जात. या पापातून त्याला नफा मिळत होता आणि त्याबद्दल त्याला टोचणी लागल्याचे दिसत नाही. न्यू यॉर्कला त्याने नेमलेला कॅथलिक गव्हर्नर टॉमस डाँगन याने १६८३ साली सर्व ख्रिस्ती पंथीयांना धर्मस्वातंत्र्य देणारी सनद तेथील सभेकडून करून घेतली. राजा झाल्यावर जेम्सने तीच नामंजूर केली.

साधारण १६६९ च्या सुमारास तो कॅथलिक झाला. त्याची पहिली पत्नी अ‍ॅन हाइड हीही कॅथलिक होऊन १६७१ साली वारली. बातमी कुजबुजीने पसरली. १६७३ साली पार्लमेंटाने कायदा केला की, सरकारी हुद्द्यावरील प्रत्येकाने इंग्लंडच्या चर्चच्या विधीने कम्युनियन घ्यावे, आणि मिस्साबलिदानात भाकर व द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात परिवर्तन होते ही गोष्ट आपण मानीत नाही असे लिहून द्यावे. जेम्सने लिहून दिले नाही. लहानपणापासून ज्या आरमाराचे त्याला वेड होते, ज्याच्या डेकवर उभे राहून त्याने डचांशी दोन मोठ्या लढाया दिल्या होत्या, त्याचे प्रमुखपद त्याने सोडले. राजाचा सख्खा भाऊ, गादीचा वारस, आणि एका सहीसाठी सारे सोडले! सही करून मनात काही वेगळे ठेवणारे त्या दरबारात थोडे नव्हते. आजही एखादा दाखला, एखादी सवलत वा नोकरी हाती पडावी म्हणून अर्जातील धर्माच्या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न आपल्याकडील किती तरी घरांतून उठतो.

त्याच वर्षी त्याने मोदेना येथील राजकन्या मेरी हिच्याशी लग्न केले. ती पंधरा वर्षांची, मठात जाण्याची तिची इच्छा. पोपमहाशयांनी समजूत घातली तेव्हा ती राजी झाली. इंग्लंडात तिला खासगी प्रार्थनामंदिर ठेवता आले. तेथे १६७६ साली उपदेशक म्हणून आले येशूसंघी धर्मगुरू क्लोद द ला कोलोंबिएर. फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथे संत मार्गारेट मेरी यांचे तेच पापनिवेदक होते. ज्या भक्तीस्तव आपण दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चला जातो, तिची पालवी फुटली त्याच मठात. आणि यॉर्कच्या डचेसच्या वाड्यात, जेथे कॅथलिक धर्मगुरूने उघड फिरणेही धोक्याचे, तेथे कोलोंबिएर यांनी तिच्यावर प्रवचने केली.

१६७८ साली टायटस ओट्स नावाच्या एका खोटारड्याने आवई उठविली की, येशूसंघी लोक राजाचा खून करून ड्यूकला गादीवर बसविणार आहेत. सारे लंडन खवळले. कित्येक निरपराध कॅथलिक फासावर गेले. कोलोंबिएर यांना कैद झाली, अंधारकोठडीत त्यांची छाती खंगली, आणि हद्दपार होऊन मायदेशी परतल्यावर १६८२ साली ते वारले. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद दिले. या खोट्या कटाच्या लाटेत शेवटी बळी गेले ते आयर्लंडचे महागुरुस्वामी संत ऑलिव्हर प्लंकेट, १६८१ साली. जेम्सला गादीपासून दूर ठेवणारा कायदा करण्याचा प्रयत्न पार्लमेंटात पुनःपुन्हा झाला. चार्ल्सने तो होऊ दिला नाही.

आणि १६८५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स अंथरुणाला खिळला. शेवट जवळ आला असे दिसताच जेम्सने खोलीतील लोक बाहेर काढविले आणि मागील दाराने वृद्ध धर्मगुरू जॉन हडलस्टन यांस आत आणले. चौतीस वर्षांपूर्वी, लढाई हरलेला चार्ल्स लपतछपत पळत असता, याच धर्मगुरूंनी त्याला वाचविण्यास मदत केली होती. त्यांनी राजाचे पापनिवेदन ऐकले, त्यास ख्रिस्तसभेत घेतले, शेवटची संस्कारविधी दिली. हे काम जेम्सच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम होय, असे आम्ही मानतो.

राजा म्हणून त्याला तीनच वर्षे मिळाली. कॅथलिकांवरील आणि इतर पंथीयांवरील निर्बंध उठविण्याचा त्याचा हेतू चांगला होता, पण पार्लमेंटास डावलून, हुकूम काढून, घाई करून त्याने तो राबविला. रोमहूनही त्यास धीराने घेण्याचा सल्ला मिळत होता. सात प्रॉटेस्टंट बिशपांवर त्याने खटला भरला आणि ते निर्दोष सुटले तेव्हा त्याच्या स्वतःच्या फौजेने आनंदाने आरोळ्या ठोकल्या. १६८८ च्या जूनमध्ये त्यास मुलगा झाला. कॅथलिक वारस जन्मास आला म्हणताच उमरावांनी त्याचा जावई विल्यम यास हॉलंडहून बोलाविले. जेम्सने राजमुद्रा थेम्स नदीत टाकून पळ काढला, कोळ्यांनी त्यास पकडले, पुन्हा त्यास जाऊ देण्यात आले. आयर्लंडात १६९० साली बॉइन नदीकाठी तो शेवटचा हरला आणि १७०१ साली फ्रान्समध्ये वारला. त्याच वर्षी इंग्लंडात कायदा झाला की कॅथलिक व्यक्ती, किंवा कॅथलिकाशी विवाह केलेली व्यक्ती, गादीवर येऊ शकणार नाही. विवाहाची अट २०१३ च्या कायद्याने उठली. राजा स्वतः कॅथलिक नसावा ही अट आजही आहे.

हॅनोव्हर घराण्यातील तीन ड्यूकांबद्दल थोडक्यात सांगतो. पहिला अर्नेस्ट ऑगस्टस, दुसरा एडवर्ड, हे दोघे अपत्यावाचून गेले. तिसरा फ्रेडरिक. जर्मनीतील ओस्नाब्रुक येथे १६४८ च्या तहान्वये एकदा कॅथलिक आणि एकदा प्रॉटेस्टंट असा आळीपाळीने बिशप निवडला जाई. प्रॉटेस्टंटांची पाळी आली तेव्हा तिसऱ्या जॉर्जने आपल्या सहा महिन्यांच्या मुलास निवडून आणले. पाळण्यातला बिशप! मोठेपणी तो सेनापती झाला. लढाईत त्याने नाव काढले नाही, इंग्रज पोरे अजून त्याच्यावरचे बडबडगीत म्हणतात. पण सैन्याची व्यवस्था त्याने खरोखर सुधारली. १८२५ साली कॅथलिकांना नागरी हक्क देण्याचा प्रश्न निघाला तेव्हा उमरावसभेत त्याने कडाडून विरोध केला. १८२७ साली तो कर्जात बुडून वारला, आणि दोनच वर्षांनी ते हक्क मिळाले.

पुढचे दोन धनी आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. १८९२ साली ड्यूक झालेला जॉर्ज हा पाचवा जॉर्ज. त्याच्या १९११ च्या आगमनाची आठवण म्हणून अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडिया उभा राहिला. त्याचा दुसरा मुलगा अल्बर्ट १९२० साली ड्यूक झाला आणि थोरल्या भावाने राज्य सोडल्यामुळे १९३६ साली सहावा जॉर्ज. १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारताने निरोप दिला तो याच राजाच्या सत्तेला.

इंग्लंडच्या सरकारी यादीत नसलेला एक यॉर्कचा ड्यूक मात्र सांगावयाचा राहिला. पदच्युत जेम्सचा तो नातू, हेन्री बेनेडिक्ट स्टुअर्ट. १७२५ साली रोममध्ये त्याचा जन्म झाला. इंग्लंडची गादी आपलीच असे मानणाऱ्या बापाने त्यास यॉर्कचा ड्यूक म्हटले. थोरला भाऊ चार्ल्स १७४५ साली राज्य परत मिळविण्यास स्कॉटलंडात उतरला आणि पुढच्या वर्षी कलोडन येथे हरला. हेन्रीने दुसरी वाट धरली. १७४७ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी त्यास कार्डिनल केले आणि पुढील वर्षी त्याची गुरुदीक्षा झाली. भाऊ त्याच्यावर इतका रागावला की कित्येक वर्षे बोलला नाही. राजवंशाचा एक मुलगा धर्मगुरू झाला म्हणजे इंग्लंडात परत जाण्याची आशा संपली, असे त्यास वाटे.

फ्रास्काती या डोंगरगावी तो १७६१ पासून बिशप होता. तेथे त्याने गुरुविद्यालय सुधारले, उत्तम ग्रंथसंग्रह उभा केला, गरिबांना हात सैल ठेवून दिले. १७८८ साली भाऊ निपुत्रिक वारला, तेव्हा त्याने ‘नववा हेन्री’ अशा नावाचे पदक पाडले. त्यावर लॅटिनमध्ये लिहिले होते की, माणसांच्या इच्छेने नव्हे तर देवाच्या इच्छेने. त्यापलीकडे त्याने राज्यासाठी काही केले नाही. नेपोलियनने पोपमहाशयांवर जबर खंडणी लादली तेव्हा त्याने घराण्याचे रत्नभांडार विकून ती भरण्यास मदत केली. १७९८ साली फ्रेंच फौजा रोममध्ये शिरल्या आणि त्र्याहत्तरीच्या या वृद्धास पळावे लागले. व्हेनिसला तो जवळजवळ निष्कांचन पोचला. ही हकीकत लंडनला तिसऱ्या जॉर्जच्या कानी गेली. ज्याच्या आजोबांना काढून आपले घराणे गादीवर आले त्या माणसास जॉर्जने वर्षाला ४,००० पौंडांचे वेतन चालू केले, आणि कार्डिनलने ते आभार मानून घेतले.

१८०७ च्या १३ जुलैला तो फ्रास्कातीत वारला. राजघराण्याचे जे थोडे दागिने त्याच्यापाशी उरले होते ते त्याने जॉर्जच्याच मुलाच्या नावे ठेवले. बाप आणि भाऊ यांच्याजवळ, रोममध्ये संत पीटरच्या महामंदिराखाली, त्यास पुरले आहे. वर मंदिरात कानोव्हा या शिल्पकाराने त्या तिघांचे संगमरवरी स्मारक कोरले, दोन बाजूंस मान खाली घातलेले दोन देवदूत आहेत. पुढे ते दुरुस्तीस आले तेव्हा खर्च सोसला सहाव्या जॉर्जच्या विधवेने, राजमाता एलिझाबेथ यांनी. राणी होण्यापूर्वी तेरा वर्षे त्या यॉर्कच्या डचेस होत्या.